बंदी असलेल्या घरातलं इंटरनेट : बडोद्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण बडोद्याच्या दांडिया बाजार भागातल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. मी शाळांमधून मुलांचं समुपदेशन करते. वर्गशिक्षिकेच्या सांगण्यावरून हे कुटुंब मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे आलं. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि कोण काय बोललं ते मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे.

वडिलांनी खुर्चीत बसता बसता विचारलं, "मॅडम, बाकी सगळं राहू द्या. मुलांना नेट द्यायचं की नाही, एवढंच सांगा." एका शब्दात उत्तर द्यायचं तर माझं उत्तर ‘द्यायचं’ असं आहे. पण तेवढ्याने त्यांचं काहीच भागलं नसतं. त्या घरात मुलाला नेट कधी दिलंच गेलं नव्हतं आणि तरी तो रोज नेटवर होता. हे कसं, ते आधी समजून घ्यावं लागलं.

घर

जुनं तीन मजली घर. खाली आजी-आजोबा, वर मुलगा-सून आणि दोन नातवंडं. आजोबा ७१ वर्षांचे, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. वडील मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सुपरवायझर, शिफ्टची नोकरी. आई घरीच पहिली ते पाचवीच्या शिकवण्या घेते. मुलगी अकरावीत. मुलगा सातवीत, वय १२.

दहावी होईपर्यंत मोबाईल नाही, हा वडिलांचा नियम. मुलीच्या हातातही दहावीनंतरच फोन आला. नियमामागची कारणं पोकळ नव्हती. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा रात्र रात्र खेळत बसायचा आणि शेवटी बोर्डाच्या परीक्षेत आपटला, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. "आमच्याकडे ती भानगडच नाही," असं ते चार नातेवाइकांत छाती काढून सांगायचे.

आता त्याच घरात इंटरनेटची कामं कोण करत होतं ते पाहा. एमजीव्हीसीएलचं लाइट बिल आजोबांच्या फोनवरून हा मुलगा भरायचा. आजीच्या फोनचा रिचार्ज तोच मारायचा, गॅसचा नंबर तोच लावायचा. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी आजोबा त्यासाठी बँकेत रांगेत उभे राहत. गेल्या नोव्हेंबरात नातवाने ‘जीवन प्रमाण’ आणि आधारचं चेहरा ओळखणारं अ‍ॅप फोनवर उतरवून घेतलं, आजोबांना खिडकीच्या उजेडात बसवलं, फोन त्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "आजोबा, हलू नका हं. आता डोळे मिचकवा. परत एकदा." दाखला गेला. आजोबांनी शेजारच्या दोन घरांत जाऊन नातवाचं कौतुक केलं. आजोबांचा यूपीआय पिन मुलाला पाठ होता, कारण आजोबांच्या तो लक्षात राहत नसे.

म्हणजे घरच्या सगळ्या कामांसाठी त्याला नेट होतं, त्याच्या स्वतःसाठी नव्हतं. आणि घराच्या लेखी तो नेट वापरतच नव्हता, त्यामुळे ओटीपी म्हणजे काय, पिन का सांगायचा नसतो, अनोळखी माणूस गोड का बोलतो, यातलं काहीही त्याला कुणी सांगितलं नाही. जो वापरत नाही त्याला शिकवणार काय? माझ्या मते हे सगळं प्रकरण इथे सुरू होतं, मोबाईलवरच्या ज्या खेळाबद्दल पुढे सांगते त्यात नाही.

काय घडलं

दिवाळीच्या सुट्टीत मुलाने आजोबांच्या फोनवर एक लढाईचा खेळ उतरवून घेतला. वर्गातली निम्मी मुलं तोच खेळत होती. कोणाचा ‘रँक’ काय, कोणाच्या ‘आयडी’त, म्हणजे खेळातल्या खात्यात, कुठला ड्रेस आहे, याच्याच गप्पा मधल्या सुट्टीत चालायच्या. आजोबा जेवून आडवे झाले की दीड ते सव्वादोन हा खेळायचा. आई तेव्हा वर शिकवणीत. पाऊण तासाच्या वर तो क्वचितच खेळला असेल. हे मुद्दाम सांगते, कारण आईबाप आले की आधी तासांचा हिशेब काढतात. इथे तासांनी काहीही बिघडवलेलं नव्हतं.

खेळात चौघांची टोळी करायची असते आणि माइक चालू करून बोलता येतं. एका टोळीत त्याला एक मुलगा भेटला. स्वतःला १७ वर्षांचा म्हणवायचा, हिंदीत बोलायचा, याला ‘छोटे’ म्हणायचा. हा मेला की मागे येऊन उठवायचा. एकदा त्याने याला एक ड्रेस भेट दिला. "तो माझ्याशी चांगला बोलायचा," हे वाक्य मुलगा माझ्यासमोर तीन वेळा बोलला. घरात त्याच्याशी कुणी वाईट बोलत होतं असं नाही. पण तो ज्यात रमला होता त्याबद्दल बोलायला त्याला घरात कुणीच नव्हतं.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुट्टीत सगळं घर पतंगांसाठी गच्चीवर असताना त्या ‘भाई’ने सांगितलं, तुझी आयडी दे, मी दोन दिवसांत रँक चढवून देतो. मुलाने लॉगिन दिलं. फोनवर आलेला ओटीपीही वाचून दाखवला. संध्याकाळी आयडी गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला : ५०० रुपये पाठव, आयडी परत. मुलाने आजोबांच्या यूपीआयवरून पाठवले. आयडी आली नाही. नवा निरोप आला, आणि या वेळी त्यात आयडीचा विषयच नव्हता : "पैसे नहीं भेजे तो तेरे पापा को बता दूँगा कि तू दादा के फोन पे गेम खेलता है."

हे त्याला कुठून कळलं? मुलानेच सांगितलं होतं, महिन्याभरापूर्वी, खेळता खेळता. मी दुपारीच येतो, पप्पांना कळलं तर संपलंच, असं. शाळेचं नावही सांगितलं होतं आणि गणवेशातला एक फोटोही पाठवला होता. धमकी देणाऱ्याच्या हातात त्या मुलाचं दुसरं काहीही नव्हतं. ना कसला घाणेरडा फोटो, ना शिवीगाळीचं रेकॉर्डिंग. घरातली बंदी, तेवढंच त्याचं हत्यार.

त्यानंतर कधी ३००, कधी ७००, कधी १,०००. तीन वेगवेगळ्या यूपीआय आयडींवर. मुलगा बँकेचे मेसेज खोडून टाकायचा. फेब्रुवारीच्या शेवटी आजोबा पासबुक भरून आणायला बँकेत गेले. यंत्रातून पासबुक बाहेर आलं तर त्यावर त्यांनी न केलेल्या १४ नोंदी होत्या. एकूण ९,२०० रुपये.

बाईंवर आलेला संशय

आजोबांनी आधी बँकेत चौकशी केली. पैसे पिन टाकूनच गेले आहेत, असं उत्तर मिळालं. मग घरात विचार सुरू झाला की फोनला हात कोण लावू शकतं. घरात भांडी-फरशीला एक बाई अकरा वर्षं येतात. दुपारी त्याच खाली असतात. कुणी त्यांना उघड चोर म्हटलं नाही. "तुम्ही चार दिवस नाही आलात तरी चालेल," एवढंच आईने सांगितलं. बाईंनी काही विचारलं नाही. त्यांना काय ते कळलं होतं.

दीड महिना धमक्या सोसून न बोललेला मुलगा त्या रात्री बोलला. बहिणीच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "ताई, मावशींनी नाही घेतले." या मुलाबद्दल पुढे घरात जे काही म्हटलं गेलं, खोटारडा, चोर, हाताबाहेर गेलेला, त्या प्रत्येक शब्दासमोर मी हे वाक्य ठेवत गेले. आपलं सगळं जाणार हे माहीत असताना, दुसऱ्यावर आळ आला म्हणून बोललेला मुलगा आहे हा.

बहीण ओरडली नाही. तिने फोन घेतला, यूपीआय अ‍ॅपमधल्या व्यवहारांची यादी उघडली. मेसेज खोडले तरी ती यादी तिथेच राहते. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक तिने वहीत उतरवून घेतला आणि मग आईला उठवलं.

वडिलांनी दुसऱ्या दिवशी आजोबांच्या फोनमधून सगळं काढून टाकलं, वायफाय बंद केलं, मुलाची व्यायामशाळाही बंद केली. खेळातल्या गप्पा त्यातच पुसल्या गेल्या. आईबाबांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं : राग कितीही आला तरी अशा वेळी फोनमधलं काही पुसू नका. पुरावा तोच असतो. इथे मुलीच्या वहीतले क्रमांक होते म्हणून निदान तक्रार नीट लिहिता आली.

पुढच्या आठवड्यात मुलगा शाळेत डबा न खाता परत आणू लागला आणि चाचणीचा पेपर त्याने कोरा दिला. तेव्हा वर्गशिक्षिकेने आईला बोलावून घेतलं.

मी काय विचारलं

मुलाशी एकट्याने बोलले. पहिला प्रश्न फोटोंचा होता : गणवेशातल्या फोटोखेरीज आणखी कसला फोटो किंवा व्हिडिओ मागितला का, दाखवला का? हा प्रश्न मी पुन्हा, दुसऱ्या दिवशी, वेगळ्या शब्दांत विचारला. उत्तर दोन्ही वेळा नाही असंच आलं. उत्तर हो असतं तर प्रकरण पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, गेलं असतं. २०१२च्या त्या कायद्यात असा गुन्हा कळलेल्या कुणालाही पोलिसांना कळवणं भाग आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. ‘घरातल्या घरात मिटवू’ हा पर्याय तिथे नसतो.

मग विचारलं, "तू पहिल्या ५०० रुपयांनंतर घरात का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "सांगितलं असतं तर पप्पा म्हणाले असते, तुला मोबाईलच नाही तर तुझी आयडी कुठून आली." बारा वर्षांच्या मुलाने किती अचूक मांडलं होतं! संकट सांगायचं तर आधी गुन्हा कबूल करायचा, अशी त्या घरात त्याची स्थिती होती. बंदीमुळे तो नेटपासून लांब राहिला नाही. तो नेटवर होता त्या पाऊण तासापासून घरातली मोठी माणसं मात्र लांब राहिली.

हेच बोलणं आईवडिलांसमोर, मुलाच्या परवानगीने, मांडलं तेव्हा मुलगीही बसली होती. थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, नववीत असताना आईच्या फोनवरून शाळेच्या ग्रुपमध्ये होते, तिथून माझं नाव घेऊन कुणीतरी घाण घाण मेसेज पाठवायचा. मी खोडून टाकायचे. आईने विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं?" मुलगी म्हणाली, "दहावीनंतरचा फोन मिळाला नसता." त्या दिवशी वडील पुढे फारसं काही बोलले नाहीत. एकाच घरात, एकाच कारणासाठी, दोन मुलं दोन वेगवेगळ्या वर्षी गप्प राहिली होती.

तक्रार आणि कायदा

तक्रार मी पहिल्याच भेटीत करायला लावली. १९३० हा आर्थिक सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक. तिथे फोन करून व्यवहारांचे क्रमांक द्यायचे, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची. या यंत्रणेचं काम असं चालतं की ज्या खात्यात पैसे गेले तिथे ते अजून पडून असतील तर रोखून धरता येतात. म्हणून पहिले काही तास मोलाचे. इथे पहिला व्यवहार होऊन दीड महिना उलटला होता, पैसे केव्हाच पुढे गेले होते. मुलगा पहिल्या संध्याकाळी बोलला असता तर ५०० रुपयांवर निभावलं असतं, कदाचित तेही परत मिळाले असते. गप्प राहण्याची किंमत या प्रकरणात पासबुकावर छापून आली आहे.

कायदा मुलाच्या बाजूने आहे, हे त्याला समजावून सांगणं मला पैशांपेक्षा जास्त गरजेचं वाटलं. त्याला वाटत होतं पोलीस त्यालाच धरतील. धमकावून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ प्रमाणे गुन्हा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खालचा गुन्हा. आणि १०९८ या क्रमांकावर मूल स्वतः, कधीही, फुकट फोन करू शकतं. हे तिन्ही मी त्याच्या वहीत लिहून दिले.

वडिलांचा जोर वेगळीकडे होता. "ऑस्ट्रेलियात तर सरकारनेच बंद केलंय. आपल्याकडे का नाही करत?" हा प्रश्न आता प्रत्येक पालकसभेत येतो, म्हणून जरा सविस्तर. ऑस्ट्रेलियाचा कायदा २०२४च्या शेवटी झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याने १६ वर्षांखालच्या मुलांचं इंटरनेट बंद केलेलं नाही. इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा ठिकाणी त्यांची खाती असू नयेत, असं ते बंधन आहे. तेही कंपन्यांवर. कंपनी कमी पडली तर ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. मुलाला किंवा आईबापांना शिक्षा नाही. आणि ऑनलाइन खेळ व मेसेज पाठवण्याची अ‍ॅप्स त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे हा कायदा उद्या बडोद्यात लागू असता तरी आपल्या मुलाला तो खेळ खेळता आला असता, तो ‘भाई’ भेटला असता आणि धमकीही तशीच आली असती.

आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल. त्याची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळून पाहता येईल अशी संमती हवी, त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य बंधनं लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. चांगला कायदा आहे. पण हा मुलगा त्या खेळाच्या लेखी मूल नव्हताच. फोन आजोबांचा, सिम आजोबांचं, ईमेल आजोबांचा. खेळ चालवणाऱ्यांना दिसत होता तो ७१ वर्षांचा, दुपारी दीडला खेळायला येणारा माणूस. मुलासाठी ज्या काही मर्यादा ठेवलेल्या असतात, खर्चाची, वेळेची, अनोळखी माणसांशी बोलण्याची, त्यातली एकही त्याला लागू झाली नाही. चोरून वापरणारं मूल नेहमी मोठ्या माणसाच्या नावावर वापरतं, आणि मुलांसाठीची सगळी कुंपणं तिथेच निकामी होतात. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आजोबांचा मुद्दा

तिसऱ्या बैठकीला आजोबा आले. ज्यांचे पैसे गेले ते हेच, पण त्यांचा राग सर्वांत आधी निवला होता. मुलगा आणि नातू दोघांना समोर बसवून ते बोलले. बडोद्याच्या माणसाला सयाजीराव महाराज मध्ये आणल्याशिवाय चैन पडत नाही, पण त्या दिवशी ते नाव अगदी जागेवर आलं.

ते म्हणाले, "महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. आधी अमरेलीकडे करून बघितलं होतं, १८९३ पासून. पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला दंड होता. तेव्हाही लोक म्हणायचेच, पोरं बिघडतील, कामाला कोण येईल. पण महाराज नुसतं अक्षर शिकवून थांबले नाहीत. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डनसाहेब या ग्रंथपालांना आणलं, वाचनालयांचं जाळं उभं केलं. खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. आणि मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांचा विभाग वेगळा. मी लहानपणी तिथे बसलोय. तिथे माणूस असायचा. हे वाच, हे तुला अजून कळायचं नाही, असं सांगणारा." मग स्वतःच्या मुलाकडे वळून म्हणाले, "आपण ह्याला पेटी उघडून दिली, पण माणूस बसवला नाही. आणि वर म्हणतोय पेटी बंदच आहे."

इतक्या नेमकेपणाने मला ते मांडता आलं नसतं. वडील म्हणाले, "अप्पा, पुस्तकातून कुणी पैसे मागत नाही." तेही खरंच आहे, आणि आजोबांनी ते मान्य केलं. म्हणूनच इथे माणूस जास्त वेळ बसवावा लागेल, एवढंच ते म्हणाले.

काय ठरलं

ठरवायला दोन बैठका गेल्या. सर्वांत कठीण गेलं ते एक वाक्य. मी वडिलांना म्हटलं, मुलाला तुमच्या तोंडून हे ऐकू द्या : "तू येऊन सांगितलंस तर मोबाईल जाणार नाही." ते म्हणाले, "म्हणजे काहीही केलं तरी मोकाट?" मी म्हटलं, चूक केली तर तिच्याबद्दल बोलू, भरपाईही करायला लावू. पण सांगण्याची शिक्षा होणार नाही. चूक आणि सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण आजवर शिक्षा सांगण्यालाच देत आलो आहोत. त्यांना ते लगेच पटलं नाही. पुढच्या बैठकीला आल्यावर, कुणी न विचारता, त्यांनी मुलाकडे न बघता ते वाक्य म्हटलं. मुलाने विचारलं, "ताईलाही?" ते म्हणाले, "हो, ताईलाही."

बाकीचं व्यवहाराचं. घरात एक जुना टॅबलेट होता, तो मुलासाठी ठेवला. गुगलच्या फॅमिली लिंकवर त्याचं स्वतःचं खातं, त्याच्या खऱ्या जन्मतारखेचं. नवं अ‍ॅप घ्यायचं तर आईच्या फोनवर विचारणा येते. टॅबलेट खालच्या बैठकीत राहतो, झोपायच्या खोलीत नाही. माइकवर फक्त वर्गातल्या ओळखीच्या मुलांशी बोलायचं. खेळाची वेळ शाळेच्या दिवशी पाऊण तास, म्हणजे तो आधी चोरून खेळायचा तेवढीच. वडिलांना याचं आश्चर्य वाटलं.

आजोबांचं पेन्शनचं खातं यूपीआयवरून काढलं. दुसऱ्या एका खात्यात दोन हजार रुपये ठेवून तेवढंच यूपीआयला जोडलं. नवा पिन आजोबांनी स्वतः ठेवला आणि स्वतःच लक्षात ठेवला. लाइट बिल आता ते भरतात, नातू शेजारी बसून फक्त बघतो. ज्या घरात मुलावर मोठ्यांचे बँकेचे व्यवहार पडतात तिथे आधी मोठ्यांना शिकवा, हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते.

आईला मुलाच्या टॅबलेटवर त्याच्या नकळत सगळं वाचणारं अ‍ॅप टाकायचं होतं. त्याला मी विरोध केला. फॅमिली लिंक मुलाला माहीत आहे, त्याच्यासमोर लावलं आहे. चोरून वाचणारं अ‍ॅप सापडलं की मूल दुसरा फोन शोधतं. आईला हे पूर्ण पटलेलं नाही, पण तिने ते टाकलेलं नाही.

९,२०० रुपये मुलाच्या खाऊच्या पैशांतून आणि दिवाळीच्या कपड्यांतून कापायचे, असा वडिलांचा विचार होता. आजोबांनी तो मोडून काढला. पैसे त्याने उडवले नाहीत, त्याच्याकडून लुबाडले गेले, असं ते म्हणाले. त्याने एक भरपाई मात्र करायची होती आणि ती पैशांची नव्हती.

आई, वडील आणि मुलगा, तिघं बाईंच्या घरी गेले. न आलेल्या दिवसांचा पगार आईने पाकिटात घालून नेला होता. माफी आधी वडिलांनी मागितली, कारण संशय मोठ्यांनी घेतला होता. मुलगा म्हणाला, "मावशी, माझ्यामुळे झालं." बाईंनी पगार घेतला, चहा केला, पण कामावर परत यायचं की नाही ते लगेच सांगितलं नाही. त्या आठवड्याने आल्या. दुपारी खालच्या मजल्यावर एकट्या थांबणार नाही, सकाळीच काम उरकून जाईन, ही त्यांची अट होती. ती घराने मानली. माझ्या दृष्टीने या प्रकरणातलं सर्वांत न भरून आलेलं नुकसान हे आहे, आणि ते कुठल्याही तक्रारीत लिहिलेलं नाही.

जूनपर्यंतची स्थिती

शाळा उघडायच्या आधी जूनमध्ये हे कुटुंब पुन्हा भेटून गेलं. तक्रारीत पैसे परत मिळालेले नाहीत. मुलगा आठवीत गेला, व्यायामशाळा सुरू आहे. जुन्या आयडीचं दुःख त्याला अजून आहे, नव्या आयडीत तसा ड्रेस नाही. एप्रिलमध्ये खेळात आणखी एका अनोळखी माणसाने त्याला फुकट ड्रेससाठी एक लिंक पाठवली होती. तो टॅबलेट घेऊन बैठकीतून स्वयंपाकघरात गेला आणि आईला दाखवली. आईने फोडणी टाकता टाकता "उघडू नको, ताईला दाखव" म्हटलं. बहिणीने त्याला तक्रार नोंदवून माणूस ब्लॉक कसा करायचा ते दाखवलं. फार मोठं काही झालं असं घरात कुणाला वाटलं नाही.

वडिलांचं मत तेच आहे : सोशल मीडिया १६च्या आत नको. मी त्यावर वाद घातला नाही. त्या मताला आधार आहे आणि मुलासमोर बसून, कारण सांगून ‘नाही’ म्हणायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. मधला प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपचा उरला आहे. व्यायामशाळेतल्या मुलांचा ग्रुप आहे, मुलाला त्यात जायचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपची वयाची अट १३ वर्षांची, आणि त्याला तेरावं ऑगस्टमध्ये पूर्ण होतं. खोटी जन्मतारीख टाकायची नाही, हे त्यानेच आधी सांगितलं. वडिलांनी त्याला ग्रुपमध्ये कोण कोण आहे त्याची यादी करून आणायला सांगितली आहे. ज्यांना ते दोघंही ओळखत नाहीत अशी तीन नावं तिच्यात निघाली. ती मुलं कोण ते व्यायामशाळेच्या सरांना विचारून यायचं काम वडिलांनी स्वतःकडे घेतलं आहे. निर्णय ऑगस्टमध्ये.